चोवीस तास आधी कळवून

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज पुन्हा कुणीतरी घरात येऊन गेलं!

सकाळच्या गाडीनं पेडगावला आईकडं गेले होते, दिवेलागणीला परत आले. दाराचं लॅच होतं तसंच. आत मात्र सोफ्याचं कव्हर सरळ. या घरात आल्यापासून माझ्या सोफ्याचं कव्हर कधीच सरळ नव्हतं. ओट्यावर कप धुऊन पालथे घातलेले, अख्खा सेट. मी एकटी बाई, स्टीलच्या ग्लासात चहा पिते. ते कप आईनं दिलेत, पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुणे कधी आले नाहीत. आज आले असावेत, मीच नव्हते.

खाली जाऊन विचारलं. घरमालकीण नीलम्माकाकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. "पाल शिरली होती गं तुझ्याकडं. हाकलायला गेलते."

"काकू, पालीला सेटभर चहा लागला?"

काकू हसल्या. ताटलीत दोन धपाटे ठेवले, वर दही. भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंडात घास असला की भांडता येत नाही. खाऊन वर आले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मी कडी न लावता आंघोळीला गेले होते, काकू आपल्या चावीनं आत आल्या, देवापुढं तिळगूळ ठेवला आणि गेल्या. न्हाणीच्या दाराबाहेरून म्हणाल्या, "गोड बोल गं!" मी साबणाच्या तोंडानं "हो" म्हटलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

लॅच बदलून घेते म्हटलं तर अण्णाराव, म्हणजे आमचे घरमालक, एकदम उठून उभे राहिले. एसटीत कंट्रोलर होते ते. रिटायर होऊन वर्षं झाली, आवाज अजून फलाटावरच आहे. "मॅडम, माझ्या घराला तुमचं कुलूप? उद्या आग लागली तर?" एक चावी काकूंकडं, दुसरी स्वतः करदोड्याला बांधून फिरतात. म्हणजे हे आंघोळीला बसले तरी माझं घर यांच्या कमरेला.

सोडून जावं म्हटलं तर जाणार कुठं? बदली होऊन गंगाखेडला आले तेव्हा गल्ल्या पालथ्या घातल्या. एकट्याच का? लग्न? कामून न्हाई केलं? एकानं सांगितलं, आमी फॅमिलीलाच देतो. मी काय रस्त्यात सापडले होते? अण्णारावांनी तेवढा एकच प्रश्न विचारला, नोकरी सरकारी हाय ना? पशुसंवर्धनात आहे म्हटल्यावर म्हणाले, मग आमची म्हैस बघत जा येता-जाता. झालं, घर मिळालं. जातीची नाही, पातीची नाही, तरी दिलं. हे त्यांचं मोठेपण मी नाकारत नाही.

पहिल्या दिवशी आतून कडी लावली आणि फरशीवर नुसती बसून राहिले. पेडगावला आमच्याकडं दार लावायची पद्धतच नाही. लावलं की आई म्हणते, "काय लपवायलीस?" काही लपवत नव्हते. बसले होते. वयाची तिशी उलटल्यावर पहिल्यांदा मला माझं म्हणावं असं दार मिळालं. या दोन खोल्या मला लय आवडतात. त्या गेल्या तर काय करायचं, याचा विचारही नको वाटतो. म्हणूनच तर दर वेळी धपाटे खाऊन वर येते.

मंगळवार, २१ जानेवारी

आज मी भाडेकरार वाचला. सही करताना कोण वाचतं! कलम नऊ: मालकास जागेची पाहणी करणे असल्यास भाडेकरूस चोवीस तास आधी कळवून, दिवसाउजेडी, योग्य कारणासाठीच प्रवेश करता येईल.

तशीच खाली पळाले. अण्णारावांनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"लय चांगलं कलम हाय. कुणी घातलं?"

"तुमीच. खाली सही तुमचीच आहे."

"टायपिस्टानं घातलं असंल. मी त्याला भाडं आन् तारीख तेवढी सांगितली होती." मग ताठ बसले. "पण कायदा म्हंजे कायदा. आमी आयुष्यभर नियमानं गाड्या सोडल्या, मॅडम. इथून पुढं कळवल्याशिवाय तुमच्या पायरीवर पाय ठेवणार न्हाई."

काकू आतून म्हणाल्या, "आपल्याच घरात जायला अर्ज करायचा का आता?" अण्णारावांनी हात वर करून त्यांना गप केलं. मी जिना चढले ती जिंकूनच. रात्री स्वतःसाठी शिरा केला.

शनिवार, २५ जानेवारी

व्हॉट्सअ‍ॅप आला. जसाच्या तसा उतरवते: "सूचना. उद्या रोजी सकाळी अकरा वाजता वरच्या मजल्याच्या छताची पाहणी करण्यात येईल. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी. — घरमालक."

संबंधित म्हणजे मी. कळवलं, उद्या झेंडावंदन आहे, तिथून पुढं लसीकरणाला जायचंय, मी घरी नसेन, सोमवारी या. उत्तर लगेच: "सोमवारी जमत नाही. भाडेकरू हजर पाहिजे असे कलमात नाही."

काढून पाहिलं. खरंच नाही.

म्हणजे आधी हे लोक चोरून यायचे. मी त्यांना रीतसर यायला शिकवलं. शाबास, राजेश्री.

रविवार, २६ जानेवारी

छत पाहून झालं म्हणे. छत पाहता पाहता उशांचे अभ्रे बदलले, आणि टेबलावर प्लास्टिकची फुलं आली. फुलं माझी नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

या वेळी "भिंतीस आलेली ओल". गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि माझ्या भिंतीला रोज येतंय! आईकडून आले तर फ्रिजात अर्धा किलो बालूशाही. ठेवून गेले की विसरून गेले, कळायला मार्ग नाही. दोन खाल्ल्या. पाहणीचा खर्च म्हणून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाण्याची मोटार बंद पडली होती. मल्लेश आला. अण्णारावांचा एकुलता एक. बाजाराच्या रस्त्याला मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. या घरात दार वाजवणारा हा एकटाच माणूस. वाजवतो आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहतो, जसं काही मी लाथ मारणार आहे. मोटार चालू करून दिली. जाताना म्हणाला, "ताई, काही तरास होत असंल तर सांगा." मी म्हटलं, तुझे आईवडील माझं छत फार पाहतात. तो एकदम लाल झाला आणि पाना हातातच घेऊन निघून गेला. पाना आपलाच होता त्याचा, पण पिशवी विसरला.

रविवार, २३ फेब्रुवारी

पडल्या पडल्या लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

काल लसीकरणाला एका म्हशीनं कमरेत लाथ घातली. चूक तिची नाही, मीच न सांगता मागून गेले. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, पडून राहा. आईकडं जायचं रद्द केलं. माझ्या दाराची आतली कडी खाली फरशीत बसते, वाकता येत नव्हतं, म्हणून नुसतं लॅच ओढून घेतलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. गोळी घेऊन सकाळी गाढ झोपले.

जाग आली ती अण्णारावांच्या आवाजानं. माझ्या हॉलमधून!

"या, या. चपला राहू द्या. हा आपला हॉल. हे फ्रिज, दोन दाराचं. मशीन मागच्या बाजूला हाय, कपडे आपोआप पिळतंय."

कुणीतरी पुरुष म्हणाला, "पुस्तकं बी लय दिसायलीत."

"मल्लेशची. वाचायचा नाद हाय पोराला."

माझं कपाट म्हणजे गाभण जनावरांची निगा आणि शेळ्यांचे आजार. थोडा वेळ कुणी बोललं नाही. बहुतेक वाचत होते. मग तोच आवाज, "शेळ्या पाळता का तुमी?"

"विचार हाय," अण्णाराव म्हणाले.

मी उठायला गेले, कमरेतून कळ आली, परत पडले. तेवढ्यात "आन् ही पोरांची बेडरूम" म्हणत अण्णारावांनी पडदा सारला. मी तिथं. केस सुटलेले, अंगाला बामाचा वास, कमरेशी गरम पाण्याची पिशवी. त्यांच्या मागं दोन पुरुष, नऊवारीतल्या एक वयस्कर बाई, नीलम्माकाकू, आणि सगळ्यांच्या शेवटी मल्लेश, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीकडचे लोक घर बघायला आले होते. माझं घर! आजवरचे छत, ओल आणि पाली, सगळ्या मल्लेशला बघायला आलेल्या.

गाडी रद्द झाली तरी आवाज न बदलता सांगायची अण्णारावांची जुनी सवय. म्हणाले, "ही आमची पुतणी. तब्येत बरी न्हाई तिची."

मी ओरडायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, आणि काय निघालं? "नमस्कार."

नऊवारीतल्या बाई माझ्या पलंगावर टेकल्या. पोरीची आत्या, हे नंतर कळलं. त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. हे लिंगायत लोक. यांच्या घरात लहानपणी गळ्यात लिंग बांधतात ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. माझ्या गळ्यात नुसता बाम.

"लिंग कुठाय गं पोरी?"

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "बाम लावायचा म्हणून काढून ठेवलंय."

बोलल्या आणि त्यांचाच चेहरा उतरला. दोन्ही पुरुष मल्लेशशी बोलत होते, त्यांच्या कानावर गेलं नाही. आत्याबाईंच्या गेलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "कशी हायेत गं माणसं या घरातली?"

दोन्ही पुरुषही वळून बघायला लागले. अण्णारावांनी माझ्याकडं पाहिलं. आजपर्यंत हा माणूस माझ्याकडं वरून बघायचा, आज पहिल्यांदा खालून बघत होता.

"माणसं चांगली आहेत," मी म्हटलं. "फक्त दार वाजवत नाहीत. कधीही आत येतात. मी सांगून सांगून बेजार झाले."

अण्णाराव मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं बघत राहिले. खोटं हाय असंही म्हणाले नाहीत. आत्याबाईंनी माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि उठल्या. "चला, पडू द्या तिला." जाताना दार ओढून घेतलं त्यांनी.

मग सगळ्यांनी माझ्या हॉलमध्ये बसून माझ्या कपांत चहा घेतला. मी आतून बशांचा आवाज ऐकत होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी तिघं वर आले. दार वाजवून! मी म्हटलं, आता कशाला वाजवता?

अण्णाराव आधी कायद्यानं सुरू झाले. "नोटीस दिली होती, मॅडम. परवा रात्री. बघा तुमच्या फोनवर." खरंच होती. विषय: नळाची पाहणी.

"नळ काय माझ्या पलंगावर आहे, काका?"

 काकूंनी पदर तोंडाला लावला. खालचं घर बघून लोक परत जायलेत म्हणाल्या. सोयाबीनची पोती, मोटारींचे सांगाडे, दारात म्हैस. आता पोरीकडचे आधी फ्रिज बघायलेत आन् मग पोरगं. मल्लेशच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायलीत. बोलता बोलता स्वतःच्याच गालात मारून घेतलं. "शिवरात्र तोंडावर आली आन् मी लिंग काढून ठेवलं म्हणाले गं बाई! जळो माझं तोंड."

पण मला दया येत नव्हती. मला राग आला होता आणि तो मी त्यांना दाखवला. म्हटलं, भाडं भरते तोवर हे माझं घर आहे. माझी गादी आहे. माझ्या झोपेत तुमी परके पुरुष आणून उभे केले. माझ्या जागी तुमची सख्खी पुतणी असती तर आणले असते का?

अण्णाराव म्हणाले, "चुकलं." एवढंच. मी पुढचं बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनी पुढं बोलायला जागाच ठेवली नाही.

मल्लेश उंबऱ्याबाहेर उभा होता. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो ताई. मी नको म्हणायचो." मग थोडं थांबून, "पण आत यायचोच की."

तक्रार करावी तर कुठं? चौकीत आधी विचारतील, एकट्या का राहता. आणि खरं सांगायचं तर, म्हटलं जाऊ दे. ज्या घरातली पुतणीच पाहुण्यांपुढं घरच्यांची अब्रू काढते, त्या घरात कोण पोरगी देणार? आपोआप मिटलं.

मंगळवार, ४ मार्च

होकार आला!!

पिंगळीची पोरगी आहे, राजनंदिनी. परभणीत एका दवाखान्यात कामाला. काकू पेढे घेऊन आल्या. दार वाजवलं, थांबल्या, मी उघडल्यावर आत आल्या. माझ्या तोंडात पेढा कोंबला. "तू म्हणलीस ना, माणसं चांगली हायेत. त्यानंच जमलं बघ." रडत होत्या. मलाही बरं वाटलं. मल्लेश चांगला पोरगा आहे.

रविवार, ९ मार्च

"सूचना. भाडेकराराची मुदत दि. ३० एप्रिल रोजी संपत असून पुढील मुदतीकरिता जागा देणे शक्य होणार नाही. — घरमालक."

खाली गेले. अण्णारावांनी नजर चुकवली. "मॅडम, लग्न मे महिन्यात धरलंय. त्यांना वरचं घर दाखवलंय, तर वरचंच द्यावं लागंल. आता खोटं कसं बोलावं?"

आता खोटं कसं बोलावं! हे मी जसंच्या तसं इथं लिहून ठेवते.

"आन् फ्रिज, सोफा इथंच राहू द्या म्हणतो. काय होईल ते बघू."

वर येऊन कडी लावली आणि रडले. चांगली माणसं म्हणाले, त्याचं हे बक्षीस. म्हशीच्या लाथेनं नाही रडले.

गुरुवार, २० मार्च

घरं पाहतेय. एका ठिकाणी म्हणाले आईला आणून ठेवा, मग देतो. एका ठिकाणी सगळं ठरलं, आणि बाई म्हणाल्या, गेटला रात्री आठला कुलूप लागतं, चावी आमच्याकडंच राहील. एकानं तर मला नवरा सुचवला, स्वतःचा मेहुणा. मेहुण्याला घर नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. काकूंनी पुरणाचं ताट आणलं. आता न चुकता दार वाजवतात. जायचा दिवस ठरल्यापासून.

शनिवार, १२ एप्रिल

भांडी बांधली. पुस्तकं खोक्यांत भरली. आई म्हणते, पेडगावहून ये-जा कर, बस आहे की. आहे, तिकडं बसही आहे आणि कडी नसलेलं दारही आहे. शेवटी तेच करावं लागेल बहुतेक.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज: "ताई, मी राजनंदिनी. उद्या दुपारी तुम्हाला भेटायला आले तर चालेल का? तुम्ही सांगाल त्या वेळेला येते." दोनदा वाचला. माझ्या घरात पाय टाकण्याआधी आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं.

रविवार, १३ एप्रिल

आली. दार वाजवलं. मी उघडेपर्यंत पायपुसण्याच्याही अलीकडं उभी. सडपातळ, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. खाली सांगून आली नव्हती. म्हणाली, त्यांच्याकडं नंतर जाते, आधी तुमच्याशी बोलायचंय.

मी ठरवलं होतं, खरं काय ते सांगून टाकायचं. आयुष्याचा प्रश्न आहे पोरीचा. सुरुवात केली, "हे बघ, मी त्यांची पुतणी नाही..."

"माहीत हाय, ताई. आत्यानं घरी पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं. लिंग काढून ठेवणारं लिंगायताचं घर तिनं अजून बघितलं न्हाई म्हणे." हसली. "फ्रिज तुमचं, पुस्तकं तुमची. ह्यांनी पण सांगितलं मला फोनवर. सगळं. शेळ्यांचं सुद्धा."

ह्यांनी म्हणजे मल्लेशनं. बरा निघाला.

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या घरात बाबांपुढं कुणी उलट बोलत न्हाई. आई न्हाई, मी न्हाई. एकदा बोलले तर जेवणाचं ताट अंगणात गेलतं. आत्या म्हणली, त्या घरात एक परकी पोरगी चार पाहुण्यांपुढं म्हाताऱ्याला तोंडावर चूक सांगायली, आन् म्हातारा मान खाली घालून ऐकायला. ना ओरडला, ना तिला घराबाहेर काढलं. असं घर सोडू नको म्हणली. फ्रिज काय, आमच्याकडं बी हाय."

 मला वाटलं होतं मी त्यांची अब्रू काढली.

मग तिचं लक्ष खोक्यांकडं गेलं. "हे काय? कुठं चाललात तुमी?"

"घर रिकामं करतेय. तुझ्यासाठी."

"कुणी सांगितलं?"

मी बोटानं खाली दाखवलं. ती एका खोक्यावर बसली.  "म्हंजे काढलंच तुमाला," म्हणाली. मग उठली, पुस्तकांच्या खोक्याची दोरी सोडायला लागली. गाठ पक्की होती, दातानं सोडवली. मी तिला थांबवलं नाही. मग ती खाली गेली. अण्णारावांचा आवाज आज पहिल्यांदा वरपर्यंत आला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

अट घातलीय तिनं. ताई वरच राहणार, आमी खाली राहू, खालच्या मधल्या खोलीला आतून कडी पाहिजे. नसेल तर लग्नाची तारीख पुढं बघू. मल्लेश आज दुकान बंद करून सुताराला घेऊन आला. सोयाबीनची पोती अंगणात आली. म्हैस हैराण.

शुक्रवार, १८ एप्रिल

अण्णाराव आज वर आले. लॅच फिरल्याचा आवाज झाला आणि समोर उभे, हातात पेढ्याचा पुडा. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला लिहू. मी म्हटलं, बसा काका, बरं झालं आलात, नव्या कराराचं बोलून घेऊ.

"अगं, आता कसला करार आन् कसलं कलम!" पहिल्यांदाच मला "अगं" म्हणाले. "तू आमची पुतणीच झालीस. भाडं बी देऊ नको. घरच्या माणसाला कुणी नोटीस देतं का?"

"काका," मी म्हटलं, "मला भाडेकरूच राहू द्या."

फार लागलं त्यांना. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला, परत उचलला. म्हणाले, "सख्खी पुतणी असतीस तर असं तोंडावर बोलली नसतीस."

"तेच म्हणतेय मी, काका."